परकुड्यांत शिरलेली मुळी : एक व्यवहारविचार

गेल्या उन्हाळ्यांत वैजापूर येथील एका गृहस्थांनीं आपल्या घराण्याचे जुने रुमाल पाहण्यासाठीं आम्हांस बोलाविलें होतें. रुमाल सोडून पाहिले, कागदांची याद झाली, आणि निघतेवेळीं त्यांनीं दप्तराच्या खोलीची पूर्वेकडील भिंत आम्हांस दाखविली. भिंत पांढऱ्या मातीची व हातभराहून जाड. तिच्या कोनाड्यांतून मनगटाएवढी पिंपळाची मुळी आंत आली होती. कोनाड्याखालीं भेग पडून पावसाचें पाणी मुरल्याचे डाग उमटले होते. पिंपळ शेजारच्या आवारांत. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. झाड शेजाऱ्याचें, भिंत आपली; ही मुळी तोडण्याचा अधिकार आपणांस आहे कीं नाहीं, आणि जुन्या व्यवहारशास्त्रांत याविषयीं कांहीं सांगितलें आहे काय?

त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर अपुरें होतें व त्यांतील निम्मा भाग चुकीचाही होता. भिंतीच्या आंत आलेलें तें भिंतीच्या धन्याचें, असें आम्हीं बोलून गेलों. मागाहून ग्रंथ चाळतां तें इतकें सोपें नाहीं असें दिसून आलें. वाद दिसावयास घरगुती आहे. परंतु ज्या भिंतीआड सनदा, महजर व निवाडपत्रें ठेविलेलीं आहेत, त्या भिंतीचा वाद संग्राहकांस लहान वाटूं नये.

वैजापूरचें ठिकाणही या विचारास अनुकूल आहे. गोदावरीच्या उत्तरेचा हा तालुका. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचें शिऊर याच तालुक्यांत. आणि थोरल्या बाजीरावानें फेब्रुवारी १७२८ मध्यें निजामुल्मुल्कास जेथें कोंडीत धरलें तें पालखेडही येथलेंच. त्या कोंडींतून निघालेला मुंगी-शेवगांवचा तह ६ मार्च १७२८ चा. मुलूख निजामाचा आणि चौथ-सरदेशमुखी मराठ्यांची, अशी दुहेरी व्यवस्था त्यानें पक्की झाली. म्हणून या बाजूच्या वतनदार घराण्यांत फार्सी व मोडी कागद शेजारीं शेजारीं सांपडतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत वैजापूर निजामाच्या राज्यांत होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. तेव्हां ब्रिटिश हद्दींतील हायकोर्टांनीं वृक्षांच्या वादांत जे निर्णय दिले, ते दिले गेले त्या काळीं येथें बंधनकारक नव्हते. येथील जुन्या भिंतीनें स्मृति, गोतसभा, निजामी अदालत व आजचा कायदा असे चार अंमल पाहिले आहेत, आणि पिंपळाची मुळी त्या चारही अंमलांत सारखीच वाढत आली आहे.

कायद्याकडे वळण्यापूर्वीं ही मुळी करते काय, तें पाहिलें पाहिजे. कारण पुढील निवाड्यांतले भेद त्यावरच उभे आहेत. आपल्या कागदांत गांवाचे दोन भाग सांगतात, पांढरी व काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेत. पांढरीच्या मातीनें बांधलेल्या भिंतीस पिंपळ, वड व उंबर यांचा धोका असतो. पांखरांच्या विष्ठेतून बीं सांध्यांत पडतें, ओलाव्याच्या शोधांत केसासारखी मुळी आंत शिरते, आणि वर्षानुवर्षें जाड होत भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून दूर सारते. हा रेट्यानें होणारा नाश. दुसरा प्रकार काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. पायाजवळचें मोठें झाड तिच्यांतला ओलावा शोषून घेऊं लागलें कीं तें आकसणें अधिक होतें आणि पाया एका अंगास बसतो. येथें मुळी भिंतीस स्पर्शही करीत नाहीं. हा शोषानें होणारा नाश होय. रेट्याचा नाश डोळ्यांस दिसतो, शोषाचा सिद्ध करावा लागतो.

आतां स्मृतिग्रंथ. सीमाविवाद हें व्यवहाराच्या अठरा पदांपैकीं एक पद, आणि त्यांत वृक्षाचें स्थान मोठें आहे. मनूनें सीमेचा निर्णय ज्येष्ठ मासांत करावा असें सांगितलें, कारण त्या दिवसांत गवत वाळून बांध व खुणा उघड्या दिसतात. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर, साल व ताड हे आणि चीक असलेले इतर वृक्ष लावावे असें त्याचें सांगणें आहे. याखेरीज दगड, हाडें, तूस, राख, खापरें, विटा, कोळसे यांसारख्या न कुजणाऱ्या वस्तु भूमींत पुरून गुप्त खुणाही ठेवाव्या. याज्ञवल्क्यही सीमा ठरविण्याच्या खुणांत वृक्ष, वारूळ, कोळसा, तूस, चैत्य आदि गणतो. सीमेवरचा वृक्ष हा शास्त्रकारांच्या दृष्टीनें साक्षीदार होता. माणसें मरतात, गांव उठतो, वड राहतो. परंतु साक्षीदार म्हणून जे वृक्ष निवडले, त्यांतले वड, पिंपळ व चिकाचे बहुतेक वृक्ष नेमके तेच, ज्यांच्या मुळ्या भिंतीचा सर्वांत अधिक नाश करितात. शास्त्रकारांपुढें शेताची व गांवाची शीव होती, दाट वस्तीच्या कसब्यांतील लगतचीं घरें नव्हतीं, असें समजल्यास यांतील विसंगति राहत नाहीं.

अशा वृक्षाचा धनी कोण? सीमेच्या मध्यावर उगवलेल्या वृक्षाचें फळ व फूल दोन्ही क्षेत्रांच्या धन्यांस समाईक, असें कात्यायनाचें वचन आहे. एका क्षेत्रांत उगवून दुसऱ्यांत फांद्या पसरलेल्या वृक्षाचाही विचार त्यानें केला आहे. फांदी डोळ्यांपुढें असते, फळ देते, म्हणून तिचा वाद शास्त्रांत आला. मुळीस फळ नाहीं. तिच्यावर वचन आढळत नाहीं.

भिंतीविषयीं मात्र वचनें आहेत, आणि तीं आमच्या गृहस्थांच्या उपयोगाचीं आहेत. परकुड्य, म्हणजे दुसऱ्याची भिंत, हिच्यापासून दोन अरत्नि जागा सोडल्यावांचून मलमूत्राची जागा, पाण्याचा निचरा, अग्नि वा खड्डा करूं नये, असें कात्यायन सांगतो. अरत्नि म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोंकापर्यंतची लांबी, सुमारें एक हात. बृहस्पतीचेंही याच अर्थाचें वचन आहे. भिंतीस ओल, धग व पोकळी यांपासून जपावें हा हेतु उघड आहे. या यादींत वृक्ष नाहीं. वृक्ष किती अंतरावर लावावा याचा नियम आमच्या या वचनांत नाहीं, ही गोष्ट विशेष वाटते. कारण इतर प्राचीन समाजांत असा नियम होता. अथेन्सचा सोलन यानें शेजाऱ्याच्या हद्दीपासून पांच पावलें, म्हणजे त्या देशच्या मापानें पांच फूट, सोडून झाड लावावें आणि अंजीर व ऑलिव्ह यांस नऊ सोडावीं असें ठरविलें होतें. कारण प्लूटार्क सांगतो : या दोन झाडांच्या मुळ्या दूर पसरतात व शेजारच्या झाडांस बाधतात.

तथापि आपल्या शास्त्रांत या प्रश्नास वाट नाहीं असें नाहीं. ती एका अनपेक्षित ठिकाणीं सांपडते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दंडपारुष्य नांवाचें प्रकरण आहे. दंडपारुष्य म्हणजे मारहाण. माणसास व पशूस केलेल्या इजेचा विचार करतां करतां स्मृतिकार त्याच ओघांत भिंत व वृक्ष यांच्या इजेकडे येतो. भिंतीस आघात करणें, छेद करणें व भेद करणें यांस अनुक्रमें ५, १० व २० पण दंड. आणि भिंत पाडल्यास ती पुन्हां उभी करण्याचा खर्चही द्यावयाचा. थोडें पुढें वृक्ष येतो. ज्यांच्या फांद्यांना पुन्हां मुळें फुटतात अशा वृक्षांची, विज्ञानेश्वर येथें वडाचें उदाहरण देतो, किंवा ज्यांवर उपजीविका चालते अशा वृक्षांची फांदी तोडल्यास २० पण, खोड तोडल्यास ४०, आणि सर्व वृक्ष तोडल्यास ८०. तोच वृक्ष चैत्य, श्मशान, सीमा, पुण्यस्थान वा देवालय येथला असेल किंवा प्रसिद्ध असेल तर दंड दुप्पट. झुडपें व वेली यांस निम्मा. कौटिल्यही अशाच पायऱ्या लावतो : नगराच्या उपवनांतील वृक्षाचा कोंब तोडल्यास ६ पण, लहान फांदीस १२, मोठ्या फांदीस २४, खोड तोडल्यास प्रथम साहस व समूळ उच्छेद केल्यास मध्यम साहस.

या आंकड्यांत आमच्या वादाची दोन्ही बाजू आहे. भिंतीचा भेद २० पणांचा, फांदीचा छेदही २० पणांचाच. शास्त्रकाराच्या तराजूंत भिंत व वृक्ष बरोबरीनें बसले आहेत. भिंतीस अधिक एवढेंच कीं तिच्या डागडुजीचा खर्च मिळतो. आणि वृक्ष सीमेवरचा वा देवालयाचा पिंपळ असेल, तर तोच वरचढ होतो. तेव्हां भिंतीच्या धन्यानें आपल्या हातानें मुळी तोडून शेजाऱ्याचा पिंपळ वाळविला, तर तो फिर्यादीचा आरोपी होईल. मुळीचें नांव त्या पायऱ्यांत नाहीं हें खरें. परंतु जिच्या छेदानें सर्व वृक्ष मरतो, ती मुळी 'सर्व' या शब्दांत आली असें आम्हांस वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं दंडपारुष्य हें मनुष्याचें कृत्य, मुळीनें केलेला भेद हा वृक्षाच्या धन्याचा अपराध कसा? याचें उत्तर त्याच स्मृतींत पुढें आहे. दाढा वा शिंगें असलेल्या जनावरानें कोणास धरलें असतां, सोडविण्यास समर्थ असूनही धनी न सोडवील तर त्यास प्रथम साहस दंड. आणि हाक मारून सांगितल्यावरही न सोडवील तर दुप्पट. येथें धन्यानें कांहींच केलेलें नाहीं. अपराध आहे तो सामर्थ्य असून स्वस्थ बसण्याचा, आणि तो हाकेनें वाढतो. हें वचन वृक्षास लावण्याचा आधार टीकाकारांत आम्हांस मिळालेला नाहीं. हा आमचा तर्क आहे, व वाचकांनीं तो तर्क म्हणूनच घ्यावा. परंतु धन्याच्या मालकीच्या सजीव वस्तूनें दुसऱ्यास पीडा होत असतां धनी जबाबदार केव्हां होतो, या प्रश्नास स्मृतीनें दिलेलें हें उत्तर आहे, आणि मुळीच्या वादाचें मर्मही तेंच आहे.

रोमन कायद्यानें हा प्रश्न नांव घेऊन सोडविला होता. त्यांच्या द्वादशफलक कायद्यांत शेजारच्या शेतावर झुकलेल्या झाडाच्या फांद्या पंधरा फुटांपर्यंत छाटण्याची तरतूद होती. घरावर झुकलेल्या झाडाविषयीं प्रेटर या अधिकाऱ्याचा निराळा हुकूम असे. धनी झाड काढीना, तर शेजाऱ्यास तें तोडून लांकूड घेतां येई. मुळीविषयीं मात्र पोंपोनियस या न्यायपंडिताचें मत वेगळें आहे. शेजारच्या झाडाची मुळी आपल्या जमिनींत आली तर ती आपण तोडूं नये. परंतु अशी मुळी घुसविण्याचा शेजाऱ्यास हक्क नाहीं असा दावा आपण आणूं शकतों, जसा दुसऱ्याची तुळई वा वळचण आपल्या जागेंत आल्यास आणतां येतो. पुढें अलेक्झांडर सेव्हेरस या बादशहाकडे (राज्यकाल इ. स. २२२ ते २३५) एक अर्ज गेला. अगाथांगेलस नांवाच्या शेजाऱ्याच्या आवारांतील झाडांच्या मुळ्यांनीं आपल्या घराच्या पायास धोका होत आहे, असें अर्जदाराचें म्हणणें. बादशहाचें उत्तर जस्टिनियनच्या संहितेंत जतन झालें आहे. झाडाच्या निमित्तानेंही शेजाऱ्यास उपद्रव होऊं नये हें फांद्यांच्या हुकुमांवरून दिसतें, तेव्हां प्रांताधिकाऱ्यानें त्याच धर्तीवर न्याय द्यावा, असा त्याचा आशय. सतराशें-अठराशें वर्षांपूर्वींचा हा अर्ज वाचतांना आम्हांस वैजापूरची भिंत आठवली. तेथेंही उपाय कुऱ्हाडीचा नव्हता, अधिकाऱ्याकडे जाण्याचा होता.

मराठेशाहींतील धोरण पाहूं जातां रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे (१७१५ च्या सुमाराचें) वळावें लागतें. आरमारासाठीं लांकूड हवें, तरी रयतेच्या आंबा-फणसास हात लावूं नये. हीं झाडें वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें, असें तेथें बजाविलें आहे. हा उतारा सर्वांस परिचित आहे. त्याच ग्रंथांत किल्ल्यांच्या प्रकरणीं दुसरी आज्ञा आहे, तिच्याकडे मात्र क्वचितच लक्ष जातें. तटांत वाढलेलीं झाडें वरचेवर कापून काढावीं, तटाचें व त्याखालचें गवत जाळावें. एकाच लेखणीनें रयतेचें झाड राखलें व तटांतलें झाड तोडविलें, यांत विरोध नाहीं. झाडाची योग्यता तें कोणत्या जागीं उभें आहे त्यावरून ठरते. तटाची भिंत व तींतलें झाड या दोहोंचा धनी सरकारच, म्हणून तेथें कोणाची संमति नको. रयतेच्या झाडास धनी निराळा, म्हणून तेथें संमति व मोल हीं दोन्ही लागतात. शेजारच्या झाडाची मुळी आपल्या भिंतीस आली म्हणजे हीं दोन प्रकरणें एकमेकांत मिसळतात; भिंत एकाची, झाड दुसऱ्याचें.

हें झाड दुसऱ्याचें आहे हें कागदांवरूनही सिद्ध होतें. इनामाच्या सनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित जमीन दिल्याचा पाठ येतो. तरु निराळा लिहिला आहे, तो अलंकार म्हणून नव्हे. भूमीबरोबर वृक्षाचा हक्कही जातो हें स्पष्ट करण्यासाठीं तो शब्द आहे, आणि वादाच्या वेळीं त्याच एका शब्दावर निकाल फिरूं शकतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेंतही धारण जमिनीवरील झाडांच्या हक्काचें कलम स्वतंत्रच आहे.

इंग्रजी अंमलांत मार्ग बदलला. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेनें लेमन विरुद्ध वेब या खटल्यांत १८९४ च्या नोव्हेंबरांत ठरविलें कीं, शेजारच्या झाडाच्या फांद्या आपल्या जागेवर आल्या असतां, शेजाऱ्याच्या जागेंत पाय न ठेवतां त्या तोडावयाच्या असतील तर आगाऊ सूचनेचीही गरज नाहीं. मुंबई हायकोर्टापुढेंही त्याच सुमारास फांद्यांचा खटला येऊन, त्या लोंबकळत ठेवण्याचा हक्क वहिवाटीनें मिळत नाहीं असा निर्णय झाला. यामागील युक्तिवाद मार्मिक आहे. झाड रोज वाढतें. आजची फांदी वीस वर्षांपूर्वीं नव्हतीच. मग वीस वर्षांची वहिवाट कशाची मोजावयाची? हा तर्क मुळीस तर अधिकच लागू, कारण ती वाढतांना दिसतही नाहीं. आमच्या गृहस्थांचे शेजारी पिंपळ आजोबांच्या वेळचा आहे असें सांगतात; झाडाच्या वयानें मुळीस हक्क प्राप्त होत नाहीं, हें त्यांस सांगावयास पाहिजे. तोडलेलें मात्र तोडणाराचें होत नाहीं. १९१९ सालीं इंग्लंडांत एकानें आपल्या बागेवर आलेल्या शेजारच्या फांद्यांचीं सफरचंदें काढून विकलीं, तेव्हां त्यांची किंमत झाडाच्या धन्यास देववली गेली.

मुळीच्या नुकसानीची भरपाई पुढें आली. १९४० च्या एका इंग्रजी खटल्यांत पॉपलर झाडांच्या मुळ्यांनीं चिकणमातींतील ओलावा शोषल्यामुळें घरें खचलीं, आणि झाडांच्या धन्यावर भरपाईचा हुकूम झाला. आम्हीं वर ज्यास शोष म्हटलें तो हाच. १९५७ सालीं तेथील अपील कोर्टानें झाड लावलेलें असो वा आपोआप उगवलेलें, जबाबदारींत फरक नाहीं असें म्हटलें. पांखरानें टाकलेल्या बियांतून उगवलेल्या आपल्याकडील पिंपळास हा मुद्दा तंतोतंत बसतो. मग २००१ सालीं लॉर्ड्स सभेपुढें लंडनमधील एका रस्त्यालगतच्या झाडाचा वाद आला. त्याच्या मुळ्यांनीं इमारतीचा पाया बिघडविला होता, नगरसंस्था झाड काढीना, आणि पाया बळकट करण्यास सुमारें ५ लक्ष ७० हजार पौंड लागले. तो खर्च मिळाला. परंतु तत्त्व असें सांगितलें गेलें कीं, दुरुस्तीच्या खर्चाचा बोजा झाडाच्या धन्यावर टाकण्यापूर्वीं त्यास वाजवी सूचना व उपद्रव थांबविण्याची संधि मिळाली पाहिजे. याज्ञवल्क्याच्या त्या हाकेचें आम्हांस येथें स्मरण झालें. एकानें दुसऱ्याकडून घेतलें असें सुचविण्याचा हेतु नाहीं. शेजारधर्माचा विचार करणारीं माणसें दूरदूरच्या काळांत एकाच जागीं येऊन पोहोंचतात, इतकेंच.

हीं इंग्रजी प्रकरणें आपल्या न्यायालयांस बंधनकारक नाहींत, मार्गदर्शक म्हणून वाचलीं जातात. मूळ हक्क आपल्याकडेही तोच आहे : दुसऱ्याच्या झाडानें उपद्रव झाला तर भरपाई मागतां येते, आणि उपद्रव थांबविण्याचा मनाई वा आज्ञार्थक हुकूमही मागतां येतो. १८७७ च्या विशिष्ट दादरशीच्या कायद्यांत अशा हुकुमाचें उदाहरण म्हणून दुसऱ्याच्या जागेवर आलेली वळचण दिली होती. पोंपोनियसनें मुळीस तिचीच उपमा दिली होती, ही गंमत टिपून ठेवण्यासारखी आहे. १९६३ च्या नव्या कायद्यांतही आज्ञार्थक हुकुमाची तरतूद आहे.

परंतु स्वहस्तें तोडण्याच्या इंग्रजी मोकळिकीस महाराष्ट्रांत मोठी मर्यादा पडली आहे, आणि वैजापूरच्या प्रश्नाचें खरें उत्तर तेथें आहे. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा पहावा. त्यांत झाड तोडणें या शब्दाच्या व्याख्येंत जाळणें, कापणें आणि कोणत्याही प्रकारें इजा करणें हीं सर्व येतात. मुळी तोडणें ही झाडास इजाच. म्हणून नगरपरिषदेच्या हद्दींत, मुळी स्वतःच्या भिंतींत असली तरी, वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करून परवानगी घेतल्यावांचून कोयता उचलूं नये. झाडापासून जीवितास वा मालमत्तेस धोका आहे हें अर्जांत दाखवावें लागतें, आणि येथेंच भिंतीचीं मोजमापें व प्रकाशचित्रें कामास येतात. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्ष अशी विशेष संज्ञा दिली आहे. आजोबांच्या वेळचा पिंपळ त्यांत सहज बसेल. अशा रीतीनें कायदा पुन्हां अधिकाऱ्याच्या दारीं येऊन थांबला आहे. प्रसिद्ध वृक्षास दुप्पट दंड सांगणाऱ्या स्मृतिकारास ही तरतूद अपरिचित वाटली नसती.

रूढीनें तर पिंपळ कायद्याहूनही अधिक राखला. त्यावर मुंज्या असतो अशी समजूत, त्याची मुंज करण्याची चाल, भोंवतीं पार बांधण्याची पद्धत. पार हा भाविकांस बसण्यापुरता नव्हता. खोडाभोंवतीं मोकळी जागा राहून घरें लांब बांधलीं जात, हा त्याचा न सांगितलेला उपयोग. ज्या पिंपळास पार नाहीं व जो दोन घरांच्या फटींत उगवला, तोच बहुधा वादास कारण होतो.

हें सर्व गृहस्थांस लिहून कळवावें म्हणून आम्हीं त्यांच्या रुमालांतील कागदांच्या नकला पुन्हां काढल्या, आणि घराच्या जुन्या खरेदीखताशीं येऊन थबकलों. खत मोडी, तारखेचा भाग कसरीनें खाल्लेला. परंतु चतुःसीमा शाबूत आहे. तींत पूर्वेस शेजाऱ्याचें घर लिहिलेलें नाहीं, पिंपळ लिहिलेला आहे. म्हणजे ज्याची मुळी ते तोडूं पाहतात तो वृक्ष त्यांच्याच घराच्या हद्दीचा लेखी साक्षीदार आहे. तो त्याच पिंपळाचा निदर्शक असेल तर दोन गोष्टी निघतात. खोड हद्दीवर ठरल्यास वृक्ष दोघांचा समाईक होईल, आणि कोणाही एकास तो परभारें काढतां येणार नाहीं. खोड हद्दीपलीकडे ठरल्यास झाड शेजाऱ्याचेंच, पण तें नाहींसें होतांच पूर्वेची हद्द दाखविणारी खूण जाईल. तेव्हां अर्ज करण्यापूर्वीं भूमापन खात्याकडून मोजणी करून, खोडापासून भिंतीचें अंतर नकाशांत मांडून घ्यावें, असें आम्हीं प्रथम कळविलें. मोजणी शक्यतो ज्येष्ठांत करावी, हा मनूचा सल्ला अजूनही बरा आहे.

संग्राहकांस एक विनंति. आपल्या जवळील खरेदीखतें, वांटणीपत्रें व निवाडपत्रें यांच्या चतुःसीमांत वृक्षांचे उल्लेख आले असतील तर त्यांची निराळी याद करावी. वृक्षाची जात, दिशा, व तो आज उभा आहे कीं नाहीं, इतकें टिपलें तरी पुरे. आजवर या ओळी आपण सांचा म्हणून वाचून पुढें जात आलों. आणि भिंतींत मुळी दिसल्यास ती ओढून काढूं नये. ओढल्यानें मातीचा पदर तिच्याबरोबर सुटून येतो. रुमाल आधीं दुसऱ्या खोलींत न्यावे, शेजाऱ्यास लेखी कळवून पोंच घ्यावी, आणि मग कायद्याचा मार्ग धरावा.

वैजापूरच्या गृहस्थांनीं रुमाल पश्चिमेकडील खोलींत हलविल्याचें व शेजाऱ्यास पत्र दिल्याचें कळविलें आहे. शेजाऱ्यांनीं उत्तरादाखल आपल्याकडील एक जुनें वांटणीपत्र काढून दाखविलें असून त्याच्या पश्चिम सीमेसही पिंपळच आहे, असें ते लिहितात. तें पत्र अद्याप आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.